सरांचा जगाचा नकाशा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘काहीतरी लिहून पाठव’ असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते इतिहासाचे सर. बाकीच्या गुरुजनांवर माझे वर्गमित्र लिहितीलच, मला सरांवरच लिहायचं आहे. नाव सांगायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सरांच्या तासाला सनावळ्या फळ्याच्या कोपऱ्यात असायच्या आणि जगाचा नकाशा मधोमध. साराजेव्हो, व्हर्साय, हिरोशिमा यातलं एकही नाव त्यांनी नकाशावर बोट ठेवल्याशिवाय उच्चारलं नाही. पण माझ्या मनात कायमचा बसला तो औद्योगिक क्रांतीचा धडा.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. वेचणी जोरात होती. सर पिशवीभर कापूस घेऊन वर्गात आले. प्रत्येकाच्या हातावर थोडा थोडा ठेवला आणि म्हणाले, “सरकी वेगळी करा. रुई तुटता कामा नये.” आम्ही बहुतेक कास्तकारांची पोरं. कापूस वेचायची सवय होती, पण सरकी काढणं हे जिनिंग कारखान्यातलं काम. तंतू सरकीला असा चिकटलेला की नखं दुखायला लागली. तास अर्धा सरला तरी बाकावर चिमूटभरच रुई. मग सरांनी विचारलं, “दिवसभर हेच करायचं आणि मजुरी एक पैसा नाही. कोण तयार आहे?” कोणीच बोललं नाही. त्यांनी नकाशावर अमेरिकेच्या दक्षिणेतली जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी ही राज्यं दाखवली.

एली व्हिटनीने 1793 मध्ये सरकी काढायचं यंत्र तयार केलं. यंत्र आलं, म्हणजे माणसांची सुटका झाली असेल, असंच आम्हाला वाटलं. झालं उलटंच. सरकी झटपट निघू लागली तशी लागवड वाढली आणि लागवडीला, वेचणीला आणखी गुलाम लागले. 1790 च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये जवळजवळ 40 लाख. हे दोन आकडे सरांनी एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

मग 1861 ची अमेरिकेतली यादवी. राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत भल्याभल्यांच्या पेढ्या बुडाल्या. “ज्यांनी ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी लावली, त्यांनी पुढे खाल्लं काय?” हा सरांचा प्रश्न पुस्तकात नव्हता. त्याच तासाला त्यांनी हेही सांगितलं, की गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ अर्पण केलं. अमेरिका, मँचेस्टर, मुंबई, पुणे आणि आमचं वावर, सगळं एका तासात एका धाग्याला लागलं.

आज मी कोइमतूरला एका सूतगिरणीची रुईखरेदी सांभाळतो. रोज न्यूयॉर्कच्या वायद्याचा भाव पाहतो, आणि तिथे भाव हलला की इथल्या शेतकऱ्याच्या घरात काय हलतं हे मला कोणी समजावून सांगावं लागत नाही. कामानिमित्त मँचेस्टरला गेलो तेव्हा वेळ काढून लिंकनचा पुतळा पाहून आलो. कापूस नाही म्हणून काम गेलेलं, घरात खायची भ्रांत, तरी तिथल्या कामगारांनी 1862 च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन लिंकनला पाठिंबा कळवला होता. त्याने जानेवारी 1863 मध्ये दिलेल्या उत्तरातला मजकूर चौथऱ्यावर कोरलेला आहे. नागपूरच्या पलीकडे फारसे न गेलेल्या सरांनी ही हकिकत आम्हाला नववीतच सांगितली होती! पुतळ्याचा फोटो त्यांना दाखवायचा राहून गेला. तोवर ते गेले होते.

2018 साली बदललेलं दहावीचं इतिहासाचं पुस्तक भाचीकडे पाहिलं. इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, पर्यटन हे विषय चांगलेच आहेत. पण दोन महायुद्धांचे धडे आता त्यात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतिहास-राज्यशास्त्राला मिळून 40 गुण. एवढ्यासाठी पिशवीभर कापूस वर्गात आणायला कुठल्या शिक्षकाला सवड मिळणार?

आमच्या तुकडीने वर्गणी काढून जगाचे मोठे नकाशे शाळेकडे पाठवले आहेत, प्रत्येक वर्गाला एक. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की ते कपाटात ठेवू नयेत. फळ्याशेजारी, मुलांचा हात पोहोचेल इतके खाली टांगावेत.