वीस वर्षांची ऑक्टाव्हिया आरएस चोर्ला घाटासाठी तयार करताना

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. त्यामुळे गोव्याला किंवा सावंतवाडीला जाताना आधी उतार लागतो, आणि खरा चढ येतो परतीला. इंजिन तापलेलं, एसी सुरू, डिकी भरलेली आणि पुढे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणारा ट्रक. जुनी टर्बो गाडी फसते ती इथंच. माझी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटातून बिनघोर वर यावी म्हणून दीड महिन्यात जे उघडलं, बदललं, तपासलं, ते इथं लिहितोय. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २० व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर, २१० न्यूटन-मीटर टॉर्क. रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं, केलेला नाही, आणि खाली लिहिलेलं सगळं झाल्याशिवाय कुणी करूही नये.

पहिलं ऑइल. या इंजिनात ते साडेचार लिटरच्या आसपासच मावतं आणि तेवढंच ऑइल टर्बोच्या बेअरिंगमधूनही फिरतं. गावातल्या गावात चालवलेल्या गाडीत त्याची काळी साय धरते आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकते. लक्षण ठरलेलं. हायवेवर तासभर पळवून गाडी आयडलला आली की ऑइलचा लाल दिवा लागतो आणि बीप वाजतो. बरेच मिस्त्री आधी सेन्सर बदलतात. ते चुकीचं नाही, पण जाळी बघितल्याशिवाय थांबू नये. मी दिवा लागायची वाट न बघता चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवलं.

चेंबर ॲल्युमिनियमचं आहे. त्याला गॅस्केट नाही, सिलिकॉन सीलंटवर बसतं. फ्लायव्हीलच्या बाजूचे दोन बोल्ट सर्वांत अडचणीचे, तिथं लांब एक्स्टेंशन लागतंच. जाळी केरोसीनमध्ये धुण्याच्या भानगडीत पडू नका. नवा पाइप जाळीसकट आणि त्याचा ओ-रिंग टाका. जुना ओ-रिंग कडक झाला असला तर पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. सीलंटची वात दोन-तीन मिमीच जाड ठेवायची. जास्त लावलं की आतल्या बाजूला पिळून निघतं आणि तेच तुकडे नव्या जाळीत जाऊन बसतात. रात्रभर सुकू द्या. ऑइल व्हीडब्ल्यू ५०२ ०० मानकाचं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०. सुरू करण्याआधी फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारला. आता बदल दर ७,५०० किमीला.

टायमिंग बेल्टबद्दल थोडक्यात. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि इथं ते वीस आहेत. बेल्ट किती किमी चालला याची नोंद नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चाला. बेल्ट, रोलर, हायड्रॉलिक टेन्शनर आणि वॉटर पंप, म्हणजे गॅरेजातली ‘वॉटर बॉडी’, हे सगळं एकदमच करायचं. पंपाचा पंखा धातूचा घ्या. जुन्या प्लॅस्टिकच्या पंख्याला तडा गेला की शाफ्ट फिरतो, पंखा जागेवरच राहतो आणि पाणी फिरत नाही. उजवं फाउंडेशन, म्हणजे इंजिनाचा माउंट, सोडावं लागतं, तेव्हा इंजिनाखाली जॅक आणि त्यावर लाकडी फळी द्या. फाउंडेशनचे बोल्ट ताण घेऊन लांबणारे आहेत, ते नवेच लावा. शेवटी क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवायच्या. मिस्त्री घाईत असला की ही पायरी गाळतो, म्हणून तिथं उभं राहायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रबरात. या गाडीत व्हॅक्यूमच्या आणि क्रँककेसच्या (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागाच्या) नळ्यांचं जाळं इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेलं आहे. वरून काही दिसत नाही. हात घातला की नळी बिस्किटासारखी मोडते. माझ्या गाडीचं आयडल ७५० ते ९५० मध्ये हेलकावे खात होतं आणि स्कॅनरवर पी-११३६ येत होता. हा कोड आयडलला मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, असल्याचं सांगतो, म्हणजे बहुधा कुठून तरी हवा शिरते आहे. पी-११२८ आला असता तर गोष्ट वेगळी. तो भार असतानाचा पातळपणा दाखवतो, आणि मग एअर-फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) किंवा पेट्रोलचा दाब बघायचा.

इथं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा एक घोळ आहे. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणून शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या या गाडीला ई-२० वर सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरनं इंधनात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती, +७ दिसलं म्हणून लगेच गळती शोधत बसू नका. आयडलला मोठा आकडा आणि २,५०० आरपीएमला तो खाली येत असेल, तरच गळती. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र मी विचार न करता सगळ्या बदलल्या, इथेनॉल सोसणाऱ्या इंजेक्शनच्या नळ्या घेऊन.

गळती शोधायला उद्यमबागेतल्या एका लेथवर नायलॉनचं बूच करून घेतलं. टर्बोच्या इनलेट पाइपचं एअर-फ्लो सेन्सरकडचं तोंड वर्निअरनं मोजलं, त्या मापाचं बूच, मध्ये भोक, भोकात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. एवढंच हत्यार. सेन्सर सोडून ठेवायचा, बूच पाइपात घालून क्लिप आवळायची आणि रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरनं अर्धा बार हवा भरायची. त्याहून जास्त नाही, कारण ती हवा क्रँककेसमध्येही जाते आणि सील उचलले जाऊ शकतात. मग साबणाच्या पाण्याचा फवारा. थोडी फुसफुस डिपस्टिकच्या नळीतून येते, ती सोडून द्या. माझ्याकडे तीन ठिकाणी फेस आला: मॅनिफोल्डखालचा चेक व्हॉल्व्ह, इनलेट पाइपवरचा क्रँककेस रेग्युलेटरचा सांधा आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचा जादा दाब वळवणारा). डायव्हर्टर व्हॉल्व्ह तपासायला काही लागत नाही. काढून घ्या, आतला पिस्टन बोटानं दाबा, बारीक नळीचं तोंड अंगठ्यानं बंद करा आणि पिस्टन सोडा. तो आत टिकला तर पडदा शाबूत. लगेच बाहेर आला तर फाटलाय. माझा बाहेर आला.

ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइल प्लगच्या डोक्यावर बसलेल्या, म्हणजे कायम तव्यावर. मिसिंग आलं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळेना झालं, तर शेजारच्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करायची. स्कॅनरवर दुसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगच्या पी-०३०२ चा तिसऱ्याचा पी-०३०३ झाला की दोषी सापडला. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं.

आता पाणी. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. तो ठरावीक पट्ट्यात ९० वर चिकटून बसतो, हलतो तोवर उशीर झालेला असतो. गाडीच्या तपासणी सॉकेटला ब्लूटूथचा ओबीडी डोंगल लावून खरं तापमान मोबाइलवर बघा. थर्मोस्टॅट ८७ अंशांना उघडायला लागतो, पंखा ९२ ते ९७ च्या दरम्यान कमी वेगात सुरू व्हायला हवा, ९९ च्या पुढे जास्त वेगात. कमी वेगाचा रेझिस्टर जळला की पहिली पायरीच गायब होते आणि घाटात तापमान नाहक चढत राहतं. तपासणी सोपी: गाडी थंड, एसी लावा, पंखे लगेच सावकाश फिरले पाहिजेत. हेडच्या बाजूला असलेला प्लॅस्टिकचा फ्लँज आणि त्यातला सेन्सर, ओ-रिंगसकट, बदलून टाका. प्लॅस्टिकला तडा दिसत नाही, फक्त खाली गुलाबी डाग पडतो. कूलंट जी-१२ जातीचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको.

ब्रेकमध्ये नवे पॅड टाकून लोक थांबतात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीचं फ्लुइड पाणी शोषतं. डॉट-४ जातीच्या ब्रेक फ्लुइडचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, ओलं झाल्यावर १५५. दर दोन वर्षांनी बदला, आणि उतारावर तिसरा-दुसरा गिअर वापरा.

गाडीखाली ३ मिमीच्या लोखंडी पत्र्याचं गार्ड बसवलं. ड्रेन बोल्टपाशी भोक आणि मागे हवेला खाचा ठेवल्या. ॲल्युमिनियमचं चेंबर गावोगावच्या स्पीडब्रेकरवर एका फटक्यात फुटतं.

कागदांचंही सांगतो. पंधरा वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, मुदत संपायच्या ६० दिवसांच्या आत. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला फी १०,००० रुपये. सीमेवर कोल्हापूरची एमएच-०९ गाडी घेऊन वर्षानुवर्षं इकडे कर्नाटकात फिरवण्याची सवय आहे, पण १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर फॉर्म २८ ची एनओसी आणि फॉर्म २७ वर नवा नंबर लागतोच. पीयूसी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर करा.

पहिली चाचणी संकेश्वरपर्यंत हायवेनं जाऊन-येऊन. नंतर बोनेट उघडून प्रत्येक सांध्यावर कोरडं फडकं फिरवलं. दुसरी शिनोळीमार्गे आंबोलीला. मगच चोर्ला. डिकीत एक कॉइल, ड्राइव्ह बेल्ट, एक लिटर ऑइल, दोन लिटर मिसळलेलं कूलंट, होजच्या क्लिपा, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की आणि १७ चा पाना. या गाडीला स्टड नाहीत, चाकाचे बोल्ट थेट हबमध्ये जातात, म्हणून चाक अडकवायला एक लांब पिन ठेवा, नाहीतर पावसात दोन माणसं लागतात. बोल्ट १२० न्यूटन-मीटरला.

परतीच्या चढावर केरीपासून वर तापमान ९४ ते ९८ राहिलं. ट्रकमागे अडकल्यावर १०३, पंखा जास्त वेगात गेला आणि दोन मिनिटांत ९७. वर पोहोचल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मगच बंद केली, टर्बोत ऑइल करपू नये म्हणून. घरी आल्यावर गार्डवर ऑइलचा एक थेंब दिसला, टर्बोच्या रिटर्न पाइपाच्या गॅस्केटपाशी. दोन बोल्टांचं काम आहे, पण हात पोचत नाही. गाडी पुन्हा वर घ्यावी लागणार.