मेडेयीन: दोन डोंगर, दोन सकाळी

माझं बालपण विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावर गेलं. खालच्या नळावरून हंडा घेऊन येताना अर्ध्या जिन्यावरच्या रुंद पायरीवर सगळ्या बायका टेकायच्या. वस्तीतल्या निम्म्या गप्पा तिथेच व्हायच्या. त्यामुळे कोलंबियात, मेडेयीनला गेल्यावर मला सगळ्यात आधी जिनेच बघायचे होते.

मेट्रोच्या बी मार्गावर सान हावियरला उतरलं की कोमुना 13 (कोमुना म्हणजे शहराचा विभाग) मधल्या लास इंडिपेंडेन्सियास वस्तीला छोटी बस जाते. ऑक्टोबर 2002 मध्ये लष्कराच्या ‘ऑपरेशन ओरियन’ कारवाईने ही कोमुना होरपळली. बेपत्ता झालेल्यांची घरची माणसं अजून त्यांना शोधताहेत. डिसेंबर 2011 मध्ये पालिकेने इथे उघड्यावर सरकते जिने सुरू केले. सहा टप्पे, 384 मीटर लांबी, वर नारिंगी छप्पर. तिकीट नाही. साडेतीनशे पायऱ्यांची दमछाक वाचली.

पण माझं मन गुंतलं ते टप्प्यांच्या मधल्या जागांमध्ये. एक आजी भाजीची पिशवी खाली ठेवून शेजारणीशी बोलत होती, कठड्यावर तेलाच्या डब्यांत लावलेली रोपं होती. आमचीच रुंद पायरी!

सकाळी आठला पोहोचा. अकरानंतर पर्यटकांचे जथे आणि स्पीकर सुरू होतात, आणि रहिवाशांनाच वाट काढत घरी जावं लागतं. गाइड त्याच वस्तीतला घ्या. उघड्या दारांतून फोटो काढू नका, ती लोकांची घरं आहेत. उतरताना बाजूच्या जुन्या पायऱ्यांनी या. सरकता जिना नव्हता तेव्हाचं रोजचं जगणं गुडघ्यांना कळतं. आईला घेऊन गेले होते, ती मात्र जिन्यानेच उतरली.

हिरवाईसाठी दुसरी सकाळ राखून ठेवा. सान अँटोनियोहून ट्रामने मिराफ्लोरेस, तिथून केबलकारने त्रेसे दे नोव्हिएम्ब्रे. हा पान दे आसुकार डोंगराचा उतार. याच डोंगराची दरड 27 सप्टेंबर 1987 रोजी विजातिना वस्तीवर कोसळली आणि सुमारे 500 माणसं गेली. आता वर डोंगराच्या कडेने पायवाट आहे आणि तिच्या आजूबाजूला वस्तीतल्या लोकांनी लावलेले भाज्यांचे वाफे. पायवाट आणि वाफे मिळून झालेल्या या बागेची कल्पना अशी, की घरं आणखी वर सरकू नयेत आणि उतार मोकळा राहावा. बागेच्या कामावरही वस्तीतलेच लोक घेतले होते. मला ही बाब रंगवलेल्या भिंतींपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. वाफा ज्याने खणला, तो त्यात कचरा टाकू देत नाही.

तिथे उभी असताना मला जुलै 2021 ची रात्र आठवली. विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड घरांवर आली होती. आमच्या डोंगरावरही जिन्याकडेला पन्हळ नीट बांधावी, मधल्या पायऱ्या रुंद कराव्यात, उतारावर मुळं धरणारी झाडं लावावीत, आणि हे काम तिथल्याच बायकांच्या हाती द्यावं, असं मला फार वाटतं.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारी पाऊस गाठतो, तेव्हा दोन्ही ठिकाणं सकाळीच उरका. पकड असलेले बूट हवेत. सुटे पेसो जवळ ठेवा, कारण कोमुना 13 मध्ये घराच्या खिडकीतून कैरीची कुल्फी मिळते, लिंबू-मीठ लावून. आईने दोन खाल्ल्या.