राजवाड्याचा पडदा बांधीत: चौथी खेप

धान कापून झालं, बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त शेतं, मोकळ्या झाल्या, आणि तीनदा फसलेला फोटो मी परत हाती घेतला. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टी नाटकाचा, पडद्यावर रंगवलेला राजवाडा उघड्या बांधीत उभा करायचा, पुढे खुर्चीवर राणी.

हे वेड ब्रिटिश फोटोग्राफर टिम वॉकरमुळे लागलं. माणूस फॅशनचा, न्यूयॉर्कला नामांकित फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनकडे सहायक होता. २००५ मध्ये गुजरातेत वढवाणला त्याने मॉडेल लिली कोलला गोल जिन्यावर उभं केलं, तो फोटो पाहिला आणि वाटलं, हे तर नाटकच आहे! तो सामान खरोखर बनवून कॅमेऱ्यासमोर मांडतो. आपल्या गडचिरोलीतल्या वडसा भागात तर पडदे, मुकुट, शालू हंगामभर गावोगाव फिरतात. मग कॉम्प्युटरवर महाल चिकटवायचा कशाला?

मागच्या वेळी वाऱ्याने पडदा फुगला, खांब वाकडे आले. यंदा खालच्या काठाला बांबू शिवला, टोकांवर मातीची पोती ठेवली. मधली घडी मुद्दाम राहू दिली. तिथे खांबाचा रंग उडून आतलं मांजरपाट दिसतं, ते मला फार आवडतं.

उजेड सूर्य बुडाल्यावरचा. फ्लॅशला नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद), कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या बल्बच्या उजेडासाठीच्या सेटिंगवर: चेहरा स्वाभाविक, बाकी सगळं निळं. आयएसओ २००, एफ ५.६, १/१५ सेकंद. फ्लॅश गुडघ्याच्या उंचीवर ठेवला, तर राणीची सावली मोठी होऊन राजवाडाच झाकू लागली. खुर्ची आणि फ्लॅश दोन्ही पडद्यापासून सात-आठ फूट पुढे आणले, तेव्हा पडद्यावर फ्लॅशचा उजेड कमी पडून सावली फिकी झाली आणि सुटलं.

खरी अडचण राणी झालेल्या मामीची. शालू नेसून ताठ बसली, आधार कार्डाच्या फोटोसारखी. "रानी का करते गा?" तिने विचारलं. मी म्हटलं, राजा लढाईवर गेलाय, निरोप नाही. ती काही बोलली नाही. शालूच्या काठात अडकलेली धानाची लोंब काढली आणि नखाने एकेक दाणा सोलू लागली. नजर बोटांवर, मुकुट किंचित कललेला. तोच फोटो निघाला. आता कोणालाही "अशी बस" सांगणार नाही, गोष्ट सांगणार.

पुढे जंगलाचा पडदा मागितला आहे. बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठाला लावायचा, पाण्यात उलटा दिसेल असा. त्यासाठी वारा पडलेली पहाट हवी.