हिवाळ्यातली खिंड आणि गरम होणारे कपडे: एका बाइक राइडचा वृत्तांत

आम्ही दोघं, दोन गाड्या. माझी ४०० सीसीची, सोबत्याची १५० सीसीची. पहाटे सपाटीवरून निघायचं, हायवे संपला की घाट चढायचा, खिंड ओलांडून पलीकडे मुक्काम करायचा आणि त्याच वाटेने परत यायचं, असा बेत. निघताना पारा ४ अंशांवर होता. खिंड तिथून साधारण १,८०० मीटर उंच. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे वर उणे सात-आठ गृहीत धरलेलंच होतं. अशा वाटेला जाणाऱ्यांनी इलेक्ट्रिक कपडे कसे निवडावेत, हे सांगण्यासाठी हा वृत्तांत.

पहिला प्रश्न गाडीला विचारायचा: तुझ्याकडे किती वॅट शिल्लक आहेत? माझ्या गाडीचा आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारं वीज बनवणारं यंत्र, ५,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सुमारे ३०० वॅट देतो. इग्निशन, फ्युएल पंप, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर), दिवे मिळून निम्मे तरी तिथेच जातात. उरले दीडशे. जॅकेट लायनर, म्हणजे बाहेरच्या जॅकेटच्या आत घालायचं, तारांनी गरम होणारं पातळ जॅकेट, पूर्ण तापवला की ९० वॅट खातो, हातमोज्यांची जोडी २५. बेरीज ११५. इथवर ठीक. गरम पँट घेतली असती तर आणखी ४० वॅट लागले असते आणि हिशेब फिसकटला असता, म्हणून ती घेतलीच नाही. साध्या विंडप्रूफ पँटखाली जाड थर्मल घातलं, तेवढ्यावर निभावलं. हा हिशेब न करता कपडे घेतले, तर बॅटरी उतरलेली गाडी भलत्या ठिकाणी ढकलावी लागते.

हायवेला लागल्यावर ४ अंशांची खरी ओळख झाली. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात ४ अंश उघड्या त्वचेला उणे साडेचारसारखे लागतात. तरीही सुरुवातीपासून लायनर फक्त मध्यम सेटिंगवर होता आणि तेवढं पुरलं. निघतानाच चालू करा, हा माझा ठाम आग्रह आहे. हुडहुडी भरेपर्यंत थांबलात तर शरीराने हातापायांकडचं रक्त आधीच आखडून घेतलेलं असतं आणि ते परत मोकळं व्हायला बराच वेळ जातो. छाती-पोट गरम असलं की शरीर बोटांकडे सढळपणे रक्त सोडतं. म्हणूनच एकच वस्तू घ्यायची ऐपत किंवा जागा असेल, तर ती जॅकेट किंवा निदान बनियनसारखं वेस्ट असावं, हातमोजे त्यानंतर.

लायनर अंगाला घट्ट बसला पाहिजे. सैल लायनरमध्ये तारा आणि अंग यांच्यात हवेचा थर राहतो आणि उष्णता तिथेच अडते. खाली एकच पातळ थर, मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती नको, घाम धरून ठेवतं. लायनरच्या वर पातळ फ्लीस आणि सगळ्यात बाहेर वारा न शिरणारं जॅकेट. हा बाहेरचा थर कच्चा असेल तर कितीही वॅट ओता, वारा सगळं घेऊन जातो. कॉलर मानेपर्यंत गरम होणारा असेल तर तोच घ्या. मानेच्या फटीतून शिरणारी थंडी फार त्रास देते आणि लायनर निवडताना तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

घाट सुरू झाला आणि गणित बदललं. हेअरपिन वळणं, दुसरा गिअर, इंजिन दोन-अडीच हजारांवर. तेवढ्या आरपीएमला आल्टरनेटर पूर्ण वॅट देत नाही. हँडलजवळ छोटा व्होल्टमीटर बसवला होता. हायवेवर तो १४ च्या आसपास दाखवत होता, घाटात हळूहळू १२.७ वर आला, म्हणजे बॅटरी चार्ज होणं थांबलं होतं. जॅकेट सगळ्यात कमी सेटिंगवर नेलं, हातमोजे तसेच ठेवले, आकडा पुन्हा १३ च्या वर चढला. हे जमलं ते दोन चॅनलच्या कंट्रोलरमुळे. जॅकेट आणि हातमोजे वेगवेगळे कमी-जास्त करता आले पाहिजेत. एकाच बटणावर दोन्ही चालणारा सेट मी कुणालाही सुचवणार नाही. बटण जाड हातमोज्यांनी, न बघता दाबता येतं का, हेही विकत घेण्याआधी तपासा.

खिंडीजवळ उणे सात होतं. रस्त्याच्या सावलीतल्या कडेला काळपट चमक दिसत होती. असा गोठलेला पातळ बर्फ डांबरासारखाच दिसतो. तिथे बोटांना ब्रेकच्या लिव्हरचा नेमका दाब कळायला हवा आणि गरम हातमोज्यांवर केलेला खर्च तिथे वसूल झाला. माझ्या गाडीला हीटेड ग्रिप्स, म्हणजे हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी, आहेत. त्या तळहात शेकतात, पण वारा लागतो तो बोटांच्या पाठीला. हातमोज्यांमधली तार बोटांच्या पाठीवरून टोकापर्यंत जाते, हा खरा फरक. ग्रिप्स आणि मोठे हँडगार्ड ही जोडी शून्याच्या वर पुरते, त्याखाली हातमोजेच हवेत. फार जाड अस्तराचे घेऊ नका, लिव्हरची जाणीव जाते.

सोबत्याची गोष्ट वेगळी. त्याच्या गाडीकडे जॅकेटला द्यायला वॅटच उरत नव्हते, म्हणून त्याने ७.४ व्होल्टच्या स्वतंत्र बॅटरीवर चालणारं वेस्ट घेतलं होतं. बॅटरी ५,२०० एमएएच, म्हणजे सुमारे ३८ वॅट-तास. १५ वॅटच्या वरच्या सेटिंगला कागदावर अडीच तास निघतात. थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता घटते. त्याला दोन तासही मिळाले नाहीत. खिंडीच्या अलीकडे बॅटरी संपली, दुसरी त्याने आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवली होती, ती लावली. छोट्या गाडीवर किंवा तास-दीड तासाच्या रोजच्या प्रवासाला हे वेस्ट उत्तम आहे. वायर नाही, गाडीवरून उतरल्यावरही ऊब सुरू. दिवसभराच्या राइडला मात्र तीन तरी बॅटऱ्या आणि मुक्कामी चार्जिंग हवंच. त्याचे हातमोजेही बॅटरीवरचे होते, मनगटापाशी बॅटरीचा फुगवटा. जॅकेटची बाही त्यावर नीट बसत नव्हती आणि त्या फटीतून वारा शिरत होता. दुकानात आपल्या जॅकेटसकट घालून बघा.

उतरताना पायांची बोटं गार पडली. बुटात घालायचे गरम इनसोल असतात, पण गाडीवर चढता-उतरता पायापर्यंत जाणारी वायर सांभाळणं मला नकोसं वाटतं. बूट अर्धा नंबर मोठे घ्या. मोजे घट्ट झाले की रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तार उघड्या त्वचेवर येऊ देऊ नका. ४४ अंशांचा स्पर्श पटकन पोळत नाही, पण सलग काही तास राहिला तर त्वचा भाजू शकते. मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना हे कळतही नाही. अशांनी डॉक्टरांना विचारूनच हातमोजे आणि इनसोल वापरावेत. कुठे एकाच जागी चटका जाणवला तर लगेच बंद करा, तिथली तार बिघडलेली असू शकते.

जोडणीबद्दल थोडं. १२ व्होल्टचा लायनर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून, उत्पादकाने दिलेल्या फ्यूजसकट जोडा. ११५ वॅट म्हणजे साडेआठ अँपियर. काही गाड्यांचं ॲक्सेसरी सॉकेट ५ अँपियरलाच बंद पडतं. वायर सीटच्या डाव्या बाजूने बाहेर काढा, कारण उतरताना आपण त्याच बाजूला असतो. कनेक्टर ओढला की सहज सुटेल असाच ठेवा. प्लग काढायचं विसरून उतरलात तरी तो सुटला पाहिजे, वायर ताणून तुटता कामा नये. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर जुळतीलच असं नाही, म्हणून जॅकेट आणि हातमोजे एकाच कंपनीचे घेतले तर बाहीच्या टोकाला ते सरळ जोडले जातात. परत आल्यावर लायनर पिळू नका, घडी घालून दाबून ठेवू नका, हँगरला लटकवा. आणि लेबलवर वॅट किंवा अँपियर लिहिलेलेच नसतील, तर ते जॅकेट दुकानातच राहू द्या.