ओल्या नारळाचा उलटा चॉकलेट केक

उलट्या केकमध्ये खोबरं, पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि गूळ घातलेलं बटर साच्याच्या तळाला जातं, त्यावर चॉकलेटचं मिश्रण. भाजून झालं की साचा पालथा करायचा. खोबरं आणि पेकनची ही जोडी अमेरिकेतल्या जर्मन चॉकलेट केकची. त्याची पाककृती १९५७ साली डॅलसच्या एका दैनिकात छापून आली आणि तिथून देशभर पसरली. त्या केकसाठी आटीव दूध, साखर, बटर आणि अंड्यांचा बलक वेगळा शिजवून, त्यात खोबरं-पेकन घालून ते थरांमध्ये भरतात. उलट्या केकमध्ये ही खटपट वाचते.

पण त्या पाककृतींत धरलेलं खोबरं पाकिटातलं असतं, वाळवलेलं आणि साखर लावलेलं. आपल्याकडे हाताशी असतो ओला नारळ. ताज्या खोवलेल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं. ते तसंच साच्यात घातलं की भाजताना पाणी सुटतं, गूळ पातळ होऊन केकमध्ये शिरतो, खालचा बोटभर भाग गच्च राहतो आणि पालथा केल्यावर खोबरं बाजूने घसरून ताटात येतं. मग लोक मैदा वाढवतात, जास्त वेळ भाजतात, आणि केक कोरडा होतो. इलाज एवढाच की खोबरं आधी परतून घ्यायचं.

नारळ जून घ्या, हलवल्यावर पाणी वाजेल असा. कोवळ्यात तेल कमी आणि पाणी जास्त. आडाळ्यावर खोवताना फक्त पांढरं खोबरं काढा. करवंटीलगतचा तपकिरी भाग केकमध्ये दाताखाली कचकचतो. अर्धा नारळ पुरतो, म्हणजे साधारण १२० ग्रॅम खोबरं. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ७-८ मिनिटं परता. कच्चा वास गेला, कीस सुटा झाला आणि मुठीत दाबल्यावर गोळा धरेनासा झाला की उतरवा. रंग बदलू देऊ नका, कारण अजून पाऊण तास ते साच्याच्या तळाशी भाजलं जाणार आहे. आत्ता बदामी झालेलं खोबरं शेवटी कडू लागतं. डेसिकेटेड कोकोनट वापरायचं असेल तर ७५ ग्रॅम घ्या आणि दोन चमचे दुधात दहा मिनिटं भिजवा, नाहीतर ते सगळं बटर शोषून भुशासारखं होतं.

गूळ १०० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम. गूळ साधा, मऊ. चिक्कीचा गूळ नको, तो गार झाल्यावर कडक होतो. चमचाभर पाण्यात विरघळवून गाळून घ्या, बटर घाला, एकजीव झालं की लगेच गॅस बंद. उकळत ठेवलात तर गोळीबंद पाक होईल आणि केक कापताना वरचा थर चिक्कीसारखा तुटेल, खालचा केक चिरडेल. किसलेलं जायफळ पाव चमचा घाला. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कितीतरी बागांत जायफळ पिकतं आणि चॉकलेटशी त्याचं छान जमतं. व्हॅनिलापेक्षा इथे तेच घालावं. बटर खारं असेल तर या पाकात मीठ नको.

पेकन ८० ग्रॅम. हे अक्रोडाच्या कुळातलं उत्तर अमेरिकेतलं फळ, अक्रोडाहून गोडसर आणि कमी तुरट. तेल भरपूर असल्यामुळे किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात लवकर खवट होतं. पाकीट फोडल्यावर उरलेले हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी एक चावून बघा. एक खवट दाणासुद्धा अख्ख्या केकला वास लावतो. पेकन नाही मिळाले तर अर्धे अक्रोड, अर्धे काजू घ्या. नुसते काजू पाकात मऊ पडतात, म्हणून आधी १५० अंशावर आठ-दहा मिनिटं भाजावेत. ओले काजू मात्र इथे कामाचे नाहीत, पुन्हा पाण्याचाच प्रश्न येतो.

साचा आठ इंची, गोल, एकसंध हवा. तळ निघणाऱ्या साच्यातून पाक गळतो आणि ओव्हनमध्ये जळतो. तळाला बटर पेपर, कडांना बटर. आधी पाक ओता, त्यावर पेकन फुगीर बाजू खाली करून मांडा, म्हणजे पालथं केल्यावर तीच बाजू वर दिसेल. मग खोबरं पसरून हलकं दाबा.

ओव्हन १७० अंशावर तापायला लावल्याशिवाय केकचं मिश्रण करायला घेऊ नका. दही लागलं की सोडा लगेच काम सुरू करतो आणि मिश्रण थांबून राहिलं तर केक बसतो. पावसाळ्यात दिव्याचा भरवसा नसतो, तेव्हा तर हे पाळाच. मैदा १४० ग्रॅम, कोको ३५ ग्रॅम, खायचा सोडा पाऊण छोटा चमचा, बेकिंग पावडर अर्धा, मीठ पाव चमचा, हे सगळं दोनदा चाळा. दमट हवेत कोकोच्या गुठळ्या होतात आणि त्या फेटून मोडत नाहीत. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी आणि १७० ग्रॅम साखर फेसाळ होईपर्यंत फेटा, त्यात ७० मिली बिनवासाचं तेल आणि १२० ग्रॅम घुसळलेलं दही. कोरडं मिसळा, शेवटी ७० मिली कढत पाणी; त्याने कोकोचा स्वाद खुलतो. पाण्याऐवजी बिनदुधाची कॉफी घातली तर आणखी चांगलं. मिश्रण डोशाच्या पिठापेक्षा थोडं दाट असावं. उंचावरून ओतू नका, खोबरं विस्कटतं. डावाने आधी कडेकडेने, मग मध्ये सोडा. साच्याचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा राहायला हवा.

मधल्या खणात ४० ते ४५ मिनिटं. पहिला अर्धा तास दार उघडू नका. सुई फक्त केकच्या थरापर्यंत घाला. तळापर्यंत घातलीत तर ती कायम चिकटच निघणार आणि तुम्ही केक उगाच जाळाल. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर उंच तिवई ठेवून झाकणाखाली मंद आचेवर तासभर. तिथे सगळी धग खालून येते, म्हणून गूळ करपण्याचा धोका जास्त. उंच तिवई त्याचसाठी.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, मग कडेने सुरी फिरवून ताट ठेवा आणि एका झटक्यात पालथं करा. त्याआधी केलंत तर पाक वाहतो, उशीर झाला तर गूळ आळून तळ धरतो. धरलाच तर साचा मंद गॅसवरच्या तव्यावर अर्धा मिनिट ठेवा, सुटतो. पेपरला चिकटलेलं खोबरं चमच्याने काढून गरम असतानाच जागेवर दाबून बसवा, सांधा दिसत नाही.

उन्हाळ्यात आणि पावसात केक एका दिवसापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, खोबऱ्याला लवकर आंबूस वास येतो. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो, पण बटर आणि गूळ घट्ट होतात. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा आणि सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा.