रॅपचा निकाल पहिल्या उन्हाळ्यात लागतो

रॅप, म्हणजे गाडीच्या रंगावर रंगीत फिल्म चिकटवणं. रॅप करून झालेली गाडी घ्यायला आलेला माणूस आधी बोनेटवरून हात फिरवतो. मी त्याला खाली वाकायला लावतो आणि पुढच्या बंपरचा कोपरा दाखवतो. बोनेट जवळजवळ सपाट असतं, तिथे हात न बसलेला पोरगाही फिल्म नीट लावतो. कारागीर कळतो तो बंपरच्या वळणात, आरशाच्या पाठीवर आणि हँडलच्या खाचेत.

आमचं मूळ काम रेडियमचं. वडील नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलवर येणाऱ्या गाड्यांना हाताने अक्षरं कापून द्यायचे. ‘सप्तशृंगी माता प्रसन्न’ लिहिताना त्यांच्या ब्लेडखाली पत्र्याला कधी चरा गेला नाही. ब्लेडवरचा तो हलका हात मी त्यांच्याकडून घेतला. आता रॅपमध्ये लांब सरळ कापासाठी नाइफलेस टेप वापरतो. त्या टेपमध्ये बारीक धागा असतो. टेप आधी रंगावर लावायची, वरून फिल्म बसवायची आणि धागा ओढायचा. फिल्म आतून कापली जाते, ब्लेड रंगापर्यंत जातच नाही.

भाव विचारायच्या आधी फिल्म कोणती, ते विचारा. स्वस्तातली बहुतेक फिल्म कॅलेंडर्ड असते, म्हणजे गरम रुळांमधून पोळीसारखी लाटलेली. लाटताना पडलेला ताण तिच्यात राहतो आणि ऊन लागलं की ती आकसू पाहते. कास्ट फिल्मचं तसं नाही. द्रव स्वरूपातला पातळ थर पसरून तो भट्टीत वाळवतात, त्यामुळे तिच्यात असा ताण जवळपास नसतो. थ्रीएमची 2080 किंवा एव्हरी डेनिसनची सुप्रीम या कास्ट फिल्म. गमसकट जाडी 80 ते 90 मायक्रॉन. रोलची रुंदी 1.52 मीटर असल्यामुळे बहुतेक गाड्यांचं बोनेट एका तुकड्यात, जोड न देता होतं. दुकानाच्या दर्शनी भागासाठी कॅलेंडर्ड चांगली चालते. गाडीच्या वळणावर मात्र मी ती लावत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

आता तो कोपरा. फिल्म गरम केली की ताणली जाते, आणि नवख्याला त्याचाच मोह होतो. ओढत ओढत खोल खाचेत दाबली की त्या दिवशी ती काचेसारखी दिसते. पण फिल्मला तिचा मूळ आकार आठवत असतो. म्हणून आधी ताण आजूबाजूच्या सपाट भागात वाटून घ्यायचा, खाचेत कमीत कमी ओढ ठेवायची. मग सगळ्यात शेवटी, ताणलेल्या प्रत्येक जागी हीट गनने 95 ते 110 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. अंदाजाने नाही, इन्फ्रारेड थर्मामीटर धरून. तेवढी उष्णता मिळाली की फिल्म जुना आकार विसरते. घाईच्या कामात नेमका हाच टप्पा गाळला जातो. गाडी दिवाळीत घरी जाते आणि एप्रिलमध्ये काठ उलगडायला लागतात.

नाशिकची हवाही हिशेबात धरावी लागते. फिल्म लावायला साधारण 16 ते 32 अंश तापमान बरं. निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येतात तेव्हा आमच्या शेडमध्ये सकाळी फिल्म कडक असते, काम उशिराच सुरू होतं. मे महिन्यात उलटं. पत्रा तापलेला, गम टेकताक्षणी पकडतो, फिल्म नको तितकी ताणली जाते, मग पहाटे काम उरकायचं. पावसाळ्यात काचेच्या रबरामागचं पाणी झिरपून काठाखाली येतं, त्यामुळे धुतलेली गाडी एक रात्र तरी वाळू देतो.

दिंडोरीकडच्या एका बागायतदार काकांची बोलेरो आली होती. दाराच्या आतल्या काठांवर मोरचुदाच्या फवारणीचे निळसर डाग. “वरून झाकलंच जाणार आहे की,” काका म्हणाले. झाकलं जात नाही, काका. फिल्मखालचा धुळीचा एक कणही उन्हात वर दिसतो. शाम्पू, मग रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा क्ले बार, मग आयपीए म्हणजे तेलकटपणा काढणारं अल्कोहोल, आणि सर्वांत जास्त वेळ काठांच्या आतल्या बाजूला, कारण फिल्म धरून ठेवतो तो काठच. त्यांच्या एका दाराला पूर्वी बाहेर रंग मारलेला होता. कंपनीच्या रंगावरून फिल्म काढताना सहसा काही होत नाही, पण नंतर मारलेला कच्चा रंग फिल्मबरोबर सोलून येऊ शकतो. हे त्यांना आधीच सांगितलं. ते विचार करून म्हणाले, “दार राहू दे मग तसंच.” मला तो निर्णय पटला. ते दार होतं तसं पांढरंच ठेवलं.

पूर्ण गाडीचा रंग बदलणार असाल तर आरसीवर रंगाची नोंद असते हे विसरू नका. पेठ रोडच्या आरटीओत आधी चौकशी करा, फिल्म नंतर निवडा.

आणि शेतकरी मंडळींसाठी खास: गाडी फवारणीच्या एचटीपी पंपाने, जोराच्या फवाऱ्याने धुता ना? पहिला आठवडा अजिबात नको. नंतरही गनचा फवारा काठावर तिरका मारू नका, फूटभर लांबून, समोरून मारा. एखादा काठ उचललेला दिसला तर नखाने दाबत बसू नका, धूळ आत जाण्याआधी गाडी घेऊन या.