फौंड्रीत मीटर जोडायचेत? स्वतःचा प्रोटोकॉल लिहू नका, मॉडबस घ्या

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावात आता बऱ्याच फौंड्रीवाल्यांना एकच गोष्ट पाहिजे असते, भट्टीचं एनर्जी मीटर, ओव्हनचा टेम्परेचर कंट्रोलर, ब्लोअरचा ड्राइव्ह सगळं ऑफिसातल्या एका स्क्रीनवर दिसायला हवं. मग आपली पोरं, जी मायक्रोकंट्रोलरवर स्वतः बोर्ड करतात, ती विचारतात दादा मीच एक सोपा प्रोटोकॉल, म्हणजे डिव्हाइसनी एकमेकांशी बोलायची भाषा, लिहू का, तापमान ७२० असेल तर "टी=७२०" असं पाठवलं की झालं. नको भावा, मॉडबस आरटीयू हा तयार प्रोटोकॉल घे.

टेबलावर एक बोर्ड असला की "टी=७२०" मस्त चालतं. त्याच वायरवर दुसरा बोर्ड आला की कोण कधी बोलणार हा प्रश्न येतो, आणि शेजारी इंडक्शन भट्टी चालू असली की नॉइज येतोच. आस्कीमध्ये (अक्षरं-आकड्यांच्या कॉम्प्युटर कोडमध्ये) २ आणि ६ यांच्यात फक्त एका बिटचा फरक आहे, तेवढा एक बिट उलटला की ७२० चं ७६० होतं आणि पॅरिटी, चेकसम (चूक पकडायला मेसेजला जोडलेले जादा बिट) काहीच ठेवलं नसेल तर कुणाला पत्ता लागत नाही. बोर्डाचा पत्ता, चेकसम, मेसेज संपल्याची खूण हे सगळं मग तुम्ही हळूहळू घालत जाणार, म्हणजे शेवटी मॉडबसच लिहिणार, पण दुसऱ्या कुणाला न कळणारा.

मोडिकॉन कंपनीने मॉडबस १९७९ ला आपल्या पीएलसीसाठी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) काढला, स्पेसिफिकेशन फुकट मिळतं. एक मास्टर (ऑफिसातला कॉम्प्युटर) विचारतो, स्लेव्ह (मीटर, ड्राइव्ह) उत्तर देतो, विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. पत्ता, फंक्शन कोड, डेटा, शेवटी दोन बाइट सीआरसी, म्हणजे त्याचा चेकसम, बास. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) दोन रजिस्टर, म्हणजे मीटरमधले आकडे ठेवायचे कप्पे, वाचायचा प्रश्न आणि उत्तर मिळून १७ बाइट, साधारण २० मिलिसेकंद, मधली शांतता आणि मीटरचा विचार करायचा वेळ धरून ५० म्हणा. म्हणजे एका सेकंदात वीस मीटर वाचून होतात. भट्टीच्या तापमानाला एवढं भरपूर आहे. पण इमर्जन्सी स्टॉप, इंटरलॉक यावर टाकू नका, ते हार्डवायरच पाहिजे.

दुसरे प्रोटोकॉलही आहेत, प्रोफिबस १२ एमबीपीएसपर्यंत जातो पण चार मीटरसाठी एवढा पसारा कशाला. कॅन मला मनापासून आवडतो, तिथं कुठलंही डिव्हाइस आपणहून बोलू शकतं, एका मशीनच्या आत तो उत्तमच. पण उद्यमनगरात दुकानातून आणलेल्या मीटरच्या मागं आरएस-४८५ चेच (मॉडबस आरटीयू ज्या दोन तारांवर चालतो त्या जोडणीचे) ए आणि बी असे दोन टर्मिनल असतात, तिथं विषय संपला.

खरी मारामारी वायरिंगची असते. वायरमन सवयीनं लाइटसारखे फाटे काढतो, ते चालत नाही, एका डिव्हाइसवरून दुसऱ्यावर अशी सरळ ओळ पाहिजे, ट्विस्टेड पेअर शिल्डेड केबल, शिल्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडलेली, आणि भट्टीच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून अजिबात नाही. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. सप्लाय बंद करून ए आणि बी मध्ये मल्टिमीटर लावा, ६० च्या आसपास दिसलं तर ठीक, १२० दिसलं तर एका टोकाचा राहिलाय, ४० दिसलं तर कुणीतरी मध्येच तिसरा लावलाय. ए-बी ची नावं कंपनीगणिक उलटी असतात, उत्तरच येत नसेल तर आधी वायर अदलून बघा, मग प्रोग्रामला हात लावा.

रजिस्टरचंही तसंच. कॅटलॉगमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं आणि वायरवर तो पत्ता शून्य जातो. फ्लोट (दशांशाचा आकडा) दोन रजिस्टरमध्ये बसतो पण त्यातला कुठला आधी हे मॉडबसनं ठरवलेलंच नाही, म्हणून २३० व्होल्टच्या जागी भलताच आकडा आला तर दोन्ही रजिस्टर उलटे जोडून बघा. आणि स्वतःचा बोर्ड करणाऱ्यांनी स्लेव्ह नंबर, बॉड, पॅरिटी, कुठल्या रजिस्टरला काय आणि कितीने भागायचं, हा तक्ता छापून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावा, मराठीत, कारण रात्रपाळीला पॅनेल उघडणारा माणूस तुम्ही नसणार.